सांध्यांतील पाणी

कळंक हा शब्द हल्लींच्या मुलांच्या कानांवरून क्वचितच जातो. आमच्या आजीच्या वेळीं तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि चुकून त्यांत ताक राहिलें, तर तें कळकलें म्हणून फेंकून द्यावें लागे. भांड्याच्या तळाशीं जो हिरवट-निळसर थर दिसे तोच कळंक. पुढें स्टीलचीं भांडीं आलीं, कल्हईवाल्याची आरोळी गल्लींतून नाहींशी झाली, आणि तिच्याबरोबर हा शब्दहि मागें पडला. तांबें मात्र आमच्या घरांतून गेलें नाहीं. तें स्वयंपाकघरांतून उठून गच्चीवर गेलें, इतकेंच. ज्या काळ्या, करंगळीहून बारीक केबलीनें इंटरनेट आपल्या घरीं येतें, तिच्या पोटांत टांचणीएवढ्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, दोन-दोनांस पीळ घालून, चार जोड्यांनीं बसविलेल्या असतात. आणि पावसाळ्यांत त्यांच्या टोंकांवर तोच आजीच्या वेळचा कळंक चढतो.

आमचें कोपरखैरणें या बाबतींत तारेस फारसें अनुकूल नाहीं. पश्चिमेस ठाण्याची खाडी व तिच्या कांठची खारफुटी, पूर्वेस ठाणें-बेलापूर रस्त्यापलीकडे कारखान्यांचा पट्टा, आणि या दोहोंच्या मध्यें सिडकोनें आंखलेले सेक्टर व त्यांनीं वेढलेलें मूळचें आगरी-कोळ्यांचें गांव. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. ओहोटीच्या वेळीं चिखलांतून कुजक्या अंड्यासारखा जो दर्प येतो तो हायड्रोजन सल्फाइड नांवाच्या वायूचा होय, आणि तांबें काळें करण्यास त्याची अल्पशी मात्राहि पुरते. त्यांत जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा कोंकणचा पाऊस. याच परिसरांत दूरसंचाराचीं मोठमोठीं केंद्रें आहेत, व त्यांतील यंत्रें थंड आणि कोरड्या खोल्यांत राजासारखीं बसलेलीं असतात. परंतु साऱ्या जगाची वार्ता कांचेच्या तंतूंतून तेथवर निर्विघ्न आली, तरी शेवटचा शे-दीडशें हातांचा प्रवास तिला पुष्कळ वेळां गच्चीवरच्या तांब्याच्या तारेनें करावा लागतो. सगळा घोटाळा होतो तो या शेवटच्या टप्प्यांत.

या टप्प्याचें मोल आम्हां शिक्षकांस २०२० सालीं कळलें. मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि जूनपासून वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागले. मजकडे तेव्हां दहावीचा वर्ग होता. हजेरीपट मी नेहमीप्रमाणें हातानेंच लिहीत असें. त्या हजेरीपटांत जुलैच्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट दिसूं लागली. पांच नांवें एकदमच गळत आणि एकदमच परत येत. पांचहि मुलें माथाडी कामगारांच्या वसाहतींतील, एकाच ओळींतल्या घरांत राहणारीं. वडील वाशीच्या बाजारांत पोतीं वाहणारे. तीं वर्ग बुडवीत असतील असें कोणी म्हणावें, तर त्यांत एक मुलगी अशी होती कीं, तीन वर्षांत तिच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण मांडल्याचें मला आठवत नाहीं. गणिताच्या चांचणींत तिचें चित्र पडद्यावर गोठलें आणि दुसऱ्या प्रश्नानंतर ती दिसेनाशी झाली. पुढल्या आठवड्यांत शास्त्राच्या चांचणींतहि पुन्हां तसेंच झालें.

त्या चांचण्यांस पुढें केवढें महत्त्व येणार होतें, तें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. २०२१ सालीं दहावीची शालान्त परीक्षाच रद्द झाली. आणि नववीच्या निकालास ५०, दहावीच्या वर्षीं शाळेनें घेतलेल्या लेखी परीक्षणास ३० व तोंडी-प्रात्यक्षिक कामास २० अशा गुणांच्या हिशेबानें निकाल लागला. म्हणजे ज्या मुलीनें आयुष्यांतील पहिल्या मोठ्या परीक्षेसाठीं वर्षभर दिवा जाळला, तिचे शंभरांतील तीस गुण एका तारेच्या सांध्यावर लोंबकळत होते.

मीं हजेरीपटाच्या समासांत पावसाची नोंद करण्यास आरंभ केला. आश्चर्य असें कीं, दिवसभर संततधार लागली असतां हीं मुलें बहुधा हजर असत. तीं गळत तीं श्रावणांतल्या ऊनपावसांत. कवींनीं ज्या ऊनपावसाचे गोडवे गाइले, तो आमच्या वर्गाचा काळ ठरला! सकाळीं लख्ख ऊन, अकराच्या सुमारास एक जोराची सर, आणि सरीमागून पांच-दहा मिनिटांत पांचहि नांवें नाहींशीं. पाऊस किती पडला यापेक्षां तो उन्हावर पडला कीं नाहीं, यावर सर्व अवलंबून होतें.

एका रविवारीं, उपासना घरींच आटोपून, तोंडास मुखपट्टी बांधून मी त्या मुलीच्या वडिलांबरोबर त्यांच्या गच्चीवर गेलों. जोडणी देणाऱ्यांकडे त्यांनीं तीनदां तक्रार केली होती. दर खेपेस एक पोरगा येई आणि कांहींतरी चिकटवून जाई. या वेळीं त्यांनीं आपल्याच गांवाकडचे, साताऱ्याच्या बाजूचे, एक वयस्क तारकाम करणारे गृहस्थ बोलावून आणिले होते. टेलिफोनच्या तारा ओढण्यांत त्यांचें तारुण्य गेलेलें. भिंतीवर एक प्लास्टिकचा डबा होता, त्यांत स्विच, आणि त्यांतून पांच घरांकडे गेलेल्या केबली. झांकणाभोंवतीं, तारा शिरण्याच्या भोंकांभोंवतीं, जेथें फट म्हणून होती तेथें पांढरें सिलिकोन इतकें भरलें होतें कीं, झांकण सुरीनें कापून काढावें लागलें. आंत दोन बोटें पाणी.

"बघा सर," ते म्हणाले, "सगळीकडून बंद केलाय ना, म्हणून डबा पाणी पितो."

मुलीच्या वडिलांस हें पटेना. "अहो काका, बंद डब्यांत पाणी येईलच कुठून?"

काकांनीं उत्तर दिलें नाहीं. वीज बंद करून त्यांनीं तारा मोकळ्या केल्या, एक खिळा तापविला आणि डब्याच्या तळास भोंक पाडिलें. पाण्याची धार लागली.

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. वायु तापला कीं पसरतो हें आपल्यापैकीं प्रत्येक विद्यार्थी जाणतो. उन्हांत डब्यांतील हवा २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारें एक-दशांशानें पसरूं पाहते; आणि सिलिकोन कितीहि भरलें तरी कोठें तरी केंसाएवढी फट राहतेच, तिच्यांतून बाहेर पडते. इतक्यांत थंड पावसाची सर डब्यावर कोसळते. आंतील हवा आकसते, दाब उतरतो. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारें १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. त्याचा एक-दशांश म्हणजे मीटरभर पाणी उचलून घेण्याइतकी ओढ त्या चिमुकल्या डब्यांत उत्पन्न होते. आणि नेमक्या त्या क्षणीं फटीच्या तोंडावर पावसाचें पाणी बसलेलेंच असतें! मग हवेऐवजीं पाणी आंत जातें. संततधारेंत डबा तापतच नाहीं, म्हणून तो पीतहि नाहीं. हजेरीपटाच्या समासांतील माझ्या नोंदींचा उलगडा असा झाला. आणि एकदां आंत आलेलें पाणी बाहेर जाईल कसें? वाट तर सर्व बाजूंनीं बुजविलेली.

त्या सिलिकोनाचा आणखी एक दोष काकांनीं नाकानेंच ओळखला. जें स्वस्त सिलिकोन सुकतांना शिरक्यासारखा आंबट वास सोडतें, त्यांतून खरोखरच शिरक्यांतील आम्ल बाहेर पडत असतें. पूर्वीं युरोपांतील रंग करणारे लोक तांब्याचे पत्रे शिरक्याच्या वाफेंत ठेवून त्यांवर चढणारा हिरवा कळंक खरवडून घेत व चित्रांसाठीं विकीत. आमच्या गच्चीवर, तारेच्या रक्षणाच्या नांवाखालीं, हाच कारखाना चालला होता. वास न येणारें, नळीवर 'न्यूट्रल' असें लिहिलेलें सिलिकोन मिळतें. विजेच्या सांध्याजवळ लावावयाचेंच असेल तर तें लावावें.

प्लग उपसून पाहिले. प्रत्येक प्लगांत आठ बारीक पातीं असतात व त्यांवर सोन्याचा मुलामा असतो. सोन्यास कळंक नाहीं, म्हणून ही योजना. आजीच्या भांड्यास कल्हई, तसा प्लगास मुलामा. परंतु उत्तम प्लगाचाहि मुलामा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडासाच जाड असतो, आणि स्वस्त प्लगांत तो केवळ नांवापुरता. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खारट ओल खालच्या धातूपर्यंत पोंचते. आमच्या प्लगांत निळ्या जोडीचीं पातीं हिरव्या चुऱ्यासारखीं झालीं होतीं. तपकिरी जोडी मात्र बरीच शाबूत. यांतहि शास्त्र आहे. तो स्विच त्याच केबलीच्या रिकाम्या जोड्यांवरून, घरांतून, वीज घेत असे; धन टोंक निळ्या जोडीवर, ऋण टोंक तपकिरीवर. मध्यें खारट पाणी आलें कीं विद्युद्विश्लेषण सुरू होतें आणि धन बाजूचें तांबें विरघळूं लागतें. प्रयोगशाळेंत मुलामा चढविण्याचा प्रयोग आपण करितों, तोच हा, कोणी न मांडलेला.

काकांस विद्युद्विश्लेषण हा शब्द माहीत नव्हता. पण "आमच्याकडं लाइनीवर नेहमी मायनस असायचा," असें ते म्हणाले, तेव्हां मला फार आनंद झाला. टेलिफोनच्या केंद्रांत ४८ व्होल्टांच्या बॅटरीचें धन टोंक जमिनीस जोडून तारेवर ऋण विद्युत् ठेवण्याची जी रीत आहे, तिचें कारण हेंच कीं, सांध्यांत ओल शिरली तरी तारेचें तांबें झिजूं नये. ज्यांनीं ही रीत पाडिली त्यांनीं ओल येणारच असें गृहीत धरिलें होतें. १८७० सालीं ग्रेट ईस्टर्न नांवाच्या प्रचंड आगबोटीनें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रांतून तार टाकिली. तिच्या तांब्यावर गटापर्चा नांवाचा, मलायांतील झाडांच्या चिकाचा, थर होता. शेंकडों कोस खाऱ्या पाण्याखालीं तार काम देते आणि आमच्या गच्चीवर दोन पावसाळे काढीत नाहीं, हें ऐकून मुलें हंसतात. पण समुद्राच्या तळाशीं ऊनपाऊस नाहीं. तेथें नुसतेंच पाणी आहे, आणि आमच्या डब्यास मारिलें तें नुसत्या पाण्यानें नव्हे.

आतां काकांनीं काय केलें तें सांगतों. त्यांनीं डबा उलटा करून अशा रीतीनें बसविला कीं, तारा शिरण्याचीं सर्व भोंकें खालच्या बाजूस आलीं. वरच्या अंगास एकहि राहिलें नाहीं. तळाचें नवें भोंक तसेंच उघडें ठेविलें. हवा मोकळेपणीं आंतबाहेर करूं लागली म्हणजे ओढ उत्पन्न होत नाहीं, आणि चुकून थेंब आलाच तर तो त्याच वाटेनें जातो. मग प्रत्येक केबलीस डब्याखालीं वीतभर झोल दिला. झोल हा शब्द हल्लीं भलत्याच अर्थानें रूढ झाला आहे, परंतु तारकामांत झोल असणें हाच प्रामाणिकपणा होय! वरून तारेच्या अंगावरून ओघळत आलेलें पाणी झोलाच्या सर्वांत खालच्या ठिकाणीं थबकतें आणि पागोळीसारखें गळून पडतें. चढ चढून डब्यांत जात नाहीं. घराच्या खिडकींतून जेथें केबल आंत येते तेथेंहि भिंतीबाहेर असाच झोल हवा, नाहीं तर पाणी तारेचें बोट धरून थेट टेबलापर्यंत येतें.

नव्या प्लगांत तारा दाबण्यापूर्वीं त्यांनीं एका डबींतलें पारदर्शक सिलिकोन ग्रीस थोडें आंत भरलें. जुन्या कागदी वेष्टणाच्या टेलिफोन केबलींत ओल येऊं नये म्हणून केंद्रांतून कोरडी हवा दाबून भरीत. पुढें जेली भरलेल्या केबली आल्या व तारांमधील मोकळी जागाच उरली नाहीं. युक्ति तीच: जेथें हवा खेळविणें शक्य नाहीं तेथें पाण्यास बसावयास जागाच ठेवूं नये. नोहाच्या तारवास आंतून आणि बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा झाली होती, हें मला तेथें उभ्या उभ्या आठवलें. बाहेरून आमच्या सांध्यास आपोआप एकजीव होणारी रबराची पट्टी आली. ती ताणून गुंडाळली म्हणजे तिचे थर एकमेकांत मिसळून जातात. साध्या विजेच्या चिकटपट्टीचा गोंद आमच्या मेच्या उन्हांत पातळ होऊन वाहतो, म्हणून एकटीवर तिच्यावर विसंबूं नये.

पट्टी गुंडाळण्याची दिशा पाहण्यासारखी होती. काका सांध्याच्या खालून आरंभ करून वर वर गेले, प्रत्येक फेर खालच्या फेरावर अर्धा चढवीत. कौलारू घर ज्यानें शाकारलें आहे त्यास याचें कारण सांगावें लागत नाहीं: वळचणीकडून आढ्याकडे कौलें लावीत जातात, म्हणजे वरचें कौल खालच्यावर येतें आणि पाणी पुढें पुढें सरकतें. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढिला, आणि मंगलोरी कौलें साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. आपल्या मुलांनीं तीं पाहिलीं नसतील असें नाहीं. कोपरखैरण्याच्या जुन्या गांवठाणांत एखाददुसऱ्या घरावर असतील तर जाऊन नीट पाहावीं. त्या छपरांत हजार फटी आहेत आणि एकहि बुजविलेली नाहीं.

आमच्या गल्ल्यांतून वर पाहत चाललें तर तारेच्या सांध्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या दोरीनें आवळून बांधलेल्या दिसतात. त्या न बांधलेल्या बऱ्या. पिशवींत ओल धरते, उन्हानें तिची वाफ होते, रात्रीं ती सांध्यावरच दंवासारखी उतरते. याउलट एके ठिकाणीं कोणी पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती घंटेसारखी, तोंड वर व कापलेली बाजू खालीं अशी, सांध्यावर ओंविली आहे आणि मान वरून गच्च केली आहे. कोणी केलें ठाऊक नाहीं. त्यास माझा नमस्कार.

केबल विकत घेतांना एक गोष्ट अवश्य पाहावी. बाजारांत तांब्याचा पातळ पापुद्रा चढविलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची केबल पुष्कळ विकली जाते. सुरीनें तार खरवडली आणि तांबड्याखालीं पांढरें दिसलें, तर ती घेऊं नये. दोन भिन्न धातु आणि खारें पाणी एकत्र आलें कीं विजेचा घटच तयार होतो, व त्यांत ॲल्युमिनियम पहिलें खाल्लें जातें. तसेंच बाहेरच्या केबलीचें वेष्टण काळें असावें; त्या काळ्यांत काजळी असते व ती उन्हांतील अतिनील किरणांपासून प्लास्टिकाचें रक्षण करिते. आणि सांधा बिघडूं लागल्याची खूण अशी: हजार मेगाबिटांच्या वेगास चारहि जोड्या लागतात, शंभरांस दोनच पुरतात. एक जोडी कळकली कीं जोडणी तुटत नाहीं, ती निमूटपणें दहाव्या हिश्शावर येते. घरांतील माणसें "आज जरा स्लो आहे" म्हणून चालवून घेतात, आणि पुढल्या श्रावणसरीस सर्वच बंद पडतें.

त्या मुलीची गणिताची व शास्त्राची फेरचांचणी ऑगस्टमध्यें घेतली. शास्त्राच्या वेळीं ऊन होतें आणि मध्येंच सर आली. ती पत्र्यावर वाजतांना मला पडद्यांतून ऐकूं येत होती. ती लिहीत राहिली.

पुढल्या वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, तौक्ते वादळ मुंबईजवळून समुद्रांतून गेलें. आमच्याकडे झाडें पडलीं, पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशीं तिच्या वडिलांनीं मला गच्चीवर नेलें व अभिमानानें डब्याचें झांकण उघडलें. आंत पाणी नव्हतें. तळाच्या भोंकाशीं मात्र मुंग्यांनीं माती आणून तें अर्धें बुजवीत आणिलें होतें. ती काडीनें काढिली आणि भोंकावर मच्छरदाणीच्या जाळीचा एक तुकडा आंतून लाविला. शाळेच्या आवारांतील कॅमेऱ्यांच्या डब्यांसहि तेव्हांपासून तसाच तुकडा असतो, व मेच्या तिसऱ्या आठवड्यांत, मृग लागण्यापूर्वीं, नववीचीं दोन मुलें शिडी धरितात आणि मी तो बदलतों.